उंदराच्या स्वादुपिंडातून आयलेट्स वेगळे करताना : फॉर्म बी ते पहिलं प्रत्यारोपण

स्वादुपिंडातून आयलेट्स, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, वेगळे काढायची ही पद्धत शोधनिबंधांत एका ओळीत उरकलेली असते : 'कोलॅजिनेज वापरून आयलेट्स वेगळे केले.' ती एक ओळ स्वतःच्या हातांनी करून दाखवायला मला जून २०२४ पासून एप्रिल २०२५ पर्यंतचा काळ लागला. त्यातला निम्मा काळ तर कागद आणि वाट बघण्यातच गेला. आमच्या लॅबमध्ये आधी हे काम करणारा मुलगा पीएचडी संपवून परदेशी गेला होता. मागे राहिली होती त्याची वही, आणि तिच्यात 'नीट फुगवणे' हे दोन शब्द ठळक अधोरेखित केलेले. काय फुगवायचं, कसं, किती, यावर पुढे काही नव्हतं. पुण्यात किंवा आणखी कुठे कुणी हेच काम नव्याने हातात घेत असेल, तर त्या दोन शब्दांच्या पुढचं इथे सापडावं म्हणून लिहिते आहे.

विषय थोडक्यात सांगते. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्यात लहान लहान पुंजक्यांत विखुरलेल्या असतात. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने हे पुंजके पहिल्यांदा नोंदवले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. लॅबमध्ये आम्ही त्यांना नुसतं आयलेट्स म्हणतो. वजनाने बघितलं तर सगळ्या ग्रंथीचा जेमतेम एक ते दोन टक्के भाग. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच यातल्या बीटा पेशी मारून टाकते. मग दुसऱ्याचे आयलेट्स काढून रुग्णाला द्यावेत, हा विचार ओघाने येतो. आमचा प्रकल्प आयलेट्सना अल्जिनेटचं, म्हणजे समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचं, पातळ आवरण देऊन प्रतिकारशक्तीपासून वाचवता येतं का, हे बघण्याचा. माझ्याकडे आलं ते पहिलं काम : चांगले आयलेट्स काढून देणं, आणि ते आवरणाशिवाय तरी काम करतात हे आधी सिद्ध करणं.

सुरुवात झाली फॉर्म बीपासून. प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा हा अर्ज, प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० चा. त्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती आहे, पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए. उंदरांसारख्या लहान प्राण्यांसाठी संस्थेच्या पातळीवरची एथिक्स कमिटी परवानगी देऊ शकते, पण तिच्या बैठकीत केंद्राने नेमलेला प्रतिनिधी हजर लागतो. अर्ज मी जूनमध्ये दिला. जुलैची बैठक प्रतिनिधींना येणं जमलं नाही म्हणून पुढे गेली आणि ऑगस्टअखेर झाली.

फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त वेळ खातो तो प्राण्यांच्या संख्येचा रकाना. मधुमेही केलेल्या एका उंदराला साधारण अडीचशे ते तीनशे आयलेट्स लागतात. हात बसल्यावरही एका उंदरातून दीडशेच्या आसपास हाती येतील असं धरावं. म्हणजे घेणारा एक असेल तर देणारे दोन. कमिटीने नेमकं इथेच बोट ठेवलं : देणारे इतके का? गणित लिहून दिल्यावर शंका मिटली. तुम्हाला एक सांगते, सरावासाठी लागणारे प्राणी त्याच अर्जात वेगळे मागा आणि ते सराव म्हणूनच लिहा. प्रयोगाच्या आकड्यात ते दडवले तर पुढे हिशोब जुळत नाही आणि दुरुस्तीचा अर्ज करून पुन्हा पुढच्या बैठकीची वाट बघावी लागते.

कमिटीत विज्ञानाशी संबंध नसलेल्या एक सदस्या होत्या. त्यांनी विचारलं, "उंदराला त्रास होतोय हे तुम्ही कशावरून ओळखणार?" मी घाईत 'वागणुकीवरून' म्हणाले. त्यांनी ते लिहून मागितलं. पाठ काढून बसणं, अंगावरचे केस पिंजारलेले दिसणं, वजन मूळच्या वीस टक्क्यांनी उतरणं, आणि यातलं काही दिसलं तर त्या प्राण्याचा प्रयोग तिथेच थांबवणं. हा परिच्छेद अर्जातला सगळ्यात उपयोगी परिच्छेद ठरला. नंतर पिंजऱ्यासमोर उभं राहिल्यावर मला तोच आठवायचा. शेरे, उत्तरं, पुन्हा सही असं होत मंजुरीचं पत्र सप्टेंबरमध्ये, गणपती गेल्यावर हातात पडलं. माझ्या आजीने त्याच सुमारास विचारलं होतं, "गणपतीचं वाहन ना गं ते? त्याला मारतेस?" यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. मी तिला मंजुरीचं पत्र दाखवलं, तिने चष्मा लावून ते वाचलंही.

खरेदीची फाइल मात्र परवानगीची वाट न बघता जुलैतच पुढे सरकवली होती, आणि ते फार बरं झालं. कोलॅजिनेज हे एन्झाइम क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूपासून मिळतं आणि ऊतींना बांधून ठेवणारं कोलॅजेन तोडतं. अर्ध्या ग्रॅमच्या बाटलीचं कोटेशन माझ्या महिन्याच्या फेलोशिपच्या, म्हणजे ३७ हजारांच्या, वर गेलं होतं. सरकारी पैशातून घ्यायचं तर ही वस्तू जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, उपलब्ध नाही असा दाखला, हेच एन्झाइम का हवं याचं समर्थन, एकाच कंपनीचं असेल तर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, मग परचेस कमिटी. ऑर्डर निघाली तेव्हा कळलं की माल भारतात नाही, बाहेरून येणार. आला तो दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर.

एन्झाइम दिवाळीच्या आठवड्यात येऊन स्टोअरच्या बंद खोलीत पडून राहील, याची मला धास्ती होती. म्हणून मी स्टोअरमधल्या दादांकडे माझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी देऊन ठेवली होती आणि विक्रेत्याला सुट्ट्यांची यादी मेल केली होती. तुम्हीही हे करा. खोकं आलं की बर्फाच्या पिशव्या अजून गार आहेत का हे उघडतानाच बघा आणि फोटो काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तेवढाच पुरावा असतो.

वाट बघण्याच्या महिन्यांत मी सगळ्यात कामाची गोष्ट शिकले : पित्तनलिका शोधणं. इतर मंजूर प्रकल्पांतून, ज्यांचं काम संपलं आहे अशा उंदरांची शरीरं, कमिटीला कळवून, सरावाला मिळतात. एन्झाइमच्या जागी ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग भरून मी सराव करायचे. पोट उघडायचं, यकृताचे खंड छातीकडे उलटवायचे, आतडी बाजूला सारायची. मग लहान आतड्यापासून यकृताकडे जाणारा एक फिकट, जेमतेम दिसणारा धागा दिसतो. ती पित्तनलिका. ती आतड्यात जिथे उघडते तिथे बारीक क्लॅम्प लावायचा, आणि यकृताच्या बाजूने, जिथे दोन फाटे एकत्र येतात तिथून ३० गेजची, म्हणजे अगदी बारीक, सुई आत घालायची. क्लॅम्प नीट बसला नाही तर सगळं द्रव आतड्यात जातं. सुई नळीतून आरपार गेली तर ते बाहेर चरबीत पसरतं. दोन्ही गोष्टी निळ्या रंगामुळे लगेच कळतात. एन्झाइम हे सांगत नाही. तेव्हा सुरुवात रंगानेच करा, एन्झाइम बाटलीतच राहू द्या.

अ‍ॅनिमल हाउसचे काका या काळात माझे खरे शिक्षक. "मॅडम, आधी त्याला तुमचा हात ओळखीचा होऊ द्या," असं म्हणून त्यांनी मला काही दिवस नुसतं पिंजऱ्यात हात घालून बसायला लावलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय ना, हेही त्यांनीच विचारलं. ते घेऊन ठेवा, प्रशिक्षणाच्या दाखल्याबरोबर त्याचीही नोंद लागते.

डिसेंबरमध्ये पहिल्यांदा खरं एन्झाइम भरलं. आणि वहीतल्या 'नीट फुगवणे'चा अर्थ डोळ्यांना दिसला. द्रव हळूहळू, तीन मिलिलिटरच्या आसपास, आत जातं तसं स्वादुपिंड आतड्याच्या बाजूने फुगायला लागतं आणि शेवटी प्लीहेजवळच्या शेपटीपर्यंत पोहोचतं. ही शेपटी महत्त्वाची, कारण आयलेट्स तिच्यात दाट असतात. शेपटी सपाट राहिली की त्या उंदरातून फारसं काही मिळणार नाही हे वॉटर बाथपर्यंत, म्हणजे एन्झाइमला काम करायला लावणाऱ्या कोमट पाण्यापर्यंत, जाण्याआधीच नक्की असतं. माझा अनुभव असा, की लोक डायजेशनच्या, म्हणजे एन्झाइमला त्या पाण्यात काम करू द्यायच्या, मिनिटांवर तासन्‌तास वाद घालतात, पण हाती येणाऱ्या आकड्यातला निम्मा फरक इथे पडलेला असतो. एन्झाइम ग्रंथीच्या आत, नळ्यांच्या वाटेने सगळीकडे गेलं तर ते आतून सैल करतं. बाहेरून तुकडे करून बुडवलं तर कडेचे आयलेट्स विरघळतात आणि मधले अडकून राहतात. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये पॉल लेसी आणि मेरी कोस्तियानोव्स्की यांनी उंदराच्या मोठ्या भावंडावर, रॅटवर, ही वाट घालून दिली, तेव्हाही ग्रंथी आधी नलिकेतून द्रव भरून फुगवायची हा त्यातला महत्त्वाचा भाग होता.

फुगवलेलं स्वादुपिंड काढून नळीत, बर्फावर. थंडीत एन्झाइम जवळजवळ झोपलेलं असतं, त्यामुळे पुढच्या उंदराकडे वळायला थोडा वेळ मिळतो, तरी सगळं मिळून पाऊण तासाच्या आत आटपावं. मग नळ्या ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये. आमच्या एन्झाइमच्या लॉटला, म्हणजे त्या एका खेपेला, तेरा-चौदा मिनिटं लागत होती. बाहेर काढून हाताने जोरात हलवायचं आणि उजेडासमोर धरायचं. मोठे गोळे दिसत असतील तर अजून थोडं. पाण्यात सोडलेल्या बारीक रव्यासारखं दिसलं की लगेच गार द्रव ओतून थांबवायचं. त्यात सीरम किंवा अल्ब्युमिन हवं, कारण फुटलेल्या पाचक पेशींतून निघणारी प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स आता आयलेट्सवरच उलटतात आणि सीरम त्यांना गुंतवून ठेवतं. इथे अर्धं मिनिट कमी-जास्त झालं तरी फरक दिसतो. कडा कुरतडलेले, सुटे पडत चाललेले आयलेट्स म्हणजे जास्त झालं. पाचक पेशींचा गोतावळा चिकटलेले आयलेट्स म्हणजे कमी झालं. आणखी एक : एन्झाइम विरघळवायच्या द्रवात कॅल्शियम असायलाच हवं, त्याशिवाय कोलॅजिनेज काम करत नाही. या द्रवाच्या एकाच नावाच्या दोन बाटल्या मिळतात, कॅल्शियमवाली आणि बिनकॅल्शियमची, आणि लेबलं दिसायला एकसारखी.

वारही बघा. पुण्यात गुरुवार हा वीज-पाण्याच्या दुरुस्तीचा वार. जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंतचा खंड वॉटर बाथला आणि नळ्या वेगाने फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला नको. आमची आयलेट्सची कामं मंगळवारी-बुधवारी.

मग फिकॉल या दाट द्रवाचे थर लावून सेंट्रिफ्यूज. आयलेट्स पाचक पेशींपेक्षा हलके, ते मधल्या सीमेवर थांबतात, बाकीचं तळाला जातं. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवायचा, नाहीतर थांबताना थर ढवळले जातात. एवढं करूनही शंभर टक्के स्वच्छ काही मिळत नाही, आणि उरलेलं काम हाताने : स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, काळ्या पार्श्वभूमीवर, एकेक आयलेट पिपेटने उचलायचा. गोल, गुळगुळीत, किंचित सोनेरी दिसतो तो घ्यायचा. पारदर्शक किंवा ढगाळ दिसतं ते सोडायचं. टिप आधी सीरमवाल्या माध्यमात भिजवून घ्या, कोरड्या प्लास्टिकला आयलेट्स चिकटतात आणि बाहेरच येत नाहीत. पेशी चिकटाव्यात म्हणून तयार केलेल्या प्लेट्सही नकोत, साध्या पेट्री डिश घ्या. मान आणि पाठ यांचं जे होतं ते होतं. ताई, म्हणजे आमची पोस्टडॉक, दर वीस मिनिटांनी मला उठवून चहाला नेते, हा तिने केलेला नियम आहे आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

ओळख पटवायला डायथिझोन नावाचा रंग वापरतात. बीटा पेशींत इन्सुलिनबरोबर जस्त साठवलेलं असतं, त्या जस्ताला तो लाल करतो. पहिल्यांदा डिशमध्ये ते लाल ठिपके उमटले तेव्हा मी फोन काढून आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर : "छान. जेवलीस का?" डायथिझोन पेशींना मानवत नाही, म्हणून तो थोड्याशा नमुन्यावरच वापरायचा, सगळ्यांवर नाही.

मोजायची पद्धतही शिकावी लागते. आयलेट्स आकाराने सारखे नसतात, काही पन्नास मायक्रॉनचे, काही त्याच्या कितीतरी पट. म्हणून १५० मायक्रॉन व्यासाचा एक आयलेट प्रमाण धरून सगळ्यांचा हिशोब त्यात करतात. नुसती संख्या सांगितली आणि निम्मे बारीक निघाले तर पुढचा माणूस फसतो.

रात्रभर ते ३७ अंशांवर, आरपीएमआय या पेशी जगवायच्या माध्यमात विसावतात. गर्दी करू नका. मोठ्या आयलेटच्या मध्यापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही आणि सकाळी त्याच्या पोटात काळा डाग दिसतो. जिवंत आहेत एवढं पुरत नाही, साखर ओळखतात का हे बघायचं असतं. कमी ग्लुकोजमध्ये तासभर, मग जास्त ग्लुकोजमध्ये तासभर, म्हणजे २.८ आणि १६.७ मिलिमोलर, आणि दोन्ही वेळा बाहेर पडलेलं इन्सुलिन मोजायचं. इन्सुलिन मोजायचं किट महाग, त्यामुळे नमुने गोठवून साठवले आणि प्लेट भरेल एवढे झाल्यावर एकदम चालवले. फेब्रुवारीत आकडे आले. जास्त साखरेत इन्सुलिन अडीच-तीन पट होत होतं. तेव्हा ताई म्हणाली, "आता उंदरात घालू."

प्रत्यारोपण मार्चमध्ये, ताईच्या हातांनी. बीटा पेशी मारणारं स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन आधीच मधुमेही केलेले, सलग दोनदा ३०० च्या वर साखर दाखवणारे उंदीर. भूल दिलेली, वेदनाशामक दिलेलं. बारीक नळीत आयलेट्स गोळा करून डाव्या मूत्रपिंडाच्या पातळ आवरणाखाली सोडायचे. देणारे आणि घेणारे एकाच वंशाचे, म्हणजे प्रतिकारशक्तीचा प्रश्न या टप्प्यावर बाजूला. साखर मोजायला मेडिकलमध्ये मिळतो तोच ग्लुकोमीटर, शेपटीतून एक थेंब. स्ट्रिप्सचे खोकेच्या खोके घेताना मेडिकलवाल्याने काळजीने विचारलं होतं, "घरात कोणाला एवढी शुगर?" उंदरांना, म्हटल्यावर त्याने बिल संस्थेच्या नावाने दोनदा वाचून बघितलं.

पहिल्या काही दिवसांत चारशेच्या वरचे आकडे उतरून दोनशेच्या खाली आले आणि तिथेच राहिले. पण उंदराच्या स्वतःच्या पेशी तर सावरल्या नसतील? हे तपासायला महिन्याभराने, एप्रिलमध्ये, आयलेट्स असलेलं ते मूत्रपिंड काढलं. उंदीर एका मूत्रपिंडावर जगतो. साखर दोन-तीन दिवसांत पुन्हा चढली, म्हणजे काम आपल्याच आयलेट्सचं होतं. हा निकाल हवा होता आणि तो मिळाला, तरी चढणारा आकडा वहीत लिहिताना बरं वाटलं नाही. वापरलेली शरीरं पिवळ्या पिशवीतून जातात, त्याची नोंदवही वेगळी, तीही रोजच्या रोज भरायची.

नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र बातमी 'शुगर बरी होणार' अशी पोहोचली. त्यांना मी जे सांगते ते इथेही सांगते. माणसांत हे २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये सात रुग्णांवर जमलं आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं, पण शरीराच्या दर किलोमागे ११ हजारांच्या आसपास आयलेट्स, म्हणजे एका रुग्णाला एकाहून जास्त दात्यांची स्वादुपिंडं लागली. पुढे २००६ मध्ये नऊ केंद्रांचा निकाल आला : ३६ पैकी १६ जण वर्षाने इन्सुलिनशिवाय होते, आणि दोन वर्षांनी त्यातले पाच. शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच ठेवावी लागतात. दात्याच्या आयलेट्सच्या अशा उपचाराला अमेरिकेत जून २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आहे, तीही वारंवार साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरणाऱ्या मोजक्या प्रौढ रुग्णांसाठी. माझ्या मावसभावाच्या मुलीला इन्सुलिनचं पेन सोडायला मी सांगू शकत नाही, आणि तसं तिच्या आईला स्पष्ट सांगितलं आहे.

आता अल्जिनेटच्या आवरणाचं काम सुरू होईल. एन्झाइमची पहिली बाटली संपली आणि दुसरी गेल्या आठवड्यात आली, वेगळ्या लॉटची. कोलॅजिनेजचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा वागतो, म्हणून बारा, तेरा, चौदा, पंधरा मिनिटं लावून पुन्हा बघायला लागणार. तुम्ही इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, भरत असाल तर विक्रेत्याला आधी लहान बाटली पाठवायला सांगा, ती जमली तर त्याच लॉटमधला उरलेला माल तुमच्या नावाने राखून ठेवायला सांगा, आणि हे त्याच्याकडून मेलवर लेखी घ्या. फोनवर सगळे हो म्हणतात.